राजश्री मामासाहेब तलाव यांस नोटीस आली, त्याची हकीकत

॥ श्री ॥

हे लिहिणे कोणाचे थोरपण वाढवावे म्हणोन नव्हे आणि कोणास हिणवावे म्हणोनही नव्हे (थोडेसे हिणवावे म्हणोन आहे, ते जागोजाग येईलच), तर झाडीचे मुलखी, जिल्हे चंद्रपूर, मौजे हिवरटोली येथे जी थोर मोहीम जाहली, जीत तलवार एकही उपसली गेली नाही परंतु छत्र्या पुष्कळ उपसल्या गेल्या, तिची याद राहावी, आणि कोणी विचारिले की हमरस्ता नाकासमोर चालता चालता हिवरटोलीपाशीच कमरेत का लचकला, तर त्यास उत्तर तयार असावे, येवढ्यासाठी आहे. वाचणारांनी चहा घेऊन बसावे.

हिवरटोलीचे पश्चिमेस राजश्री मामासाहेब नांदत. मामासाहेब म्हणजे मनुष्य नव्हेत, तलाव. पूर्वी मालगुजारांचा अंमल होता तेव्हा त्यांणी गावोगाव मातीच्या पाळी, म्हणजे बांध, घालोन पाणी अडविले. मग मालगुजार गेले, अंमल गेला, आणि पाणी राहिले. सरकारने कागदी त्याची नोंद 'माजी मालगुजारी तलाव' ऐसी केली, आणि कारकुनांस लांब लिहिण्याचा कंटाळा, म्हणोन त्याचे 'मा.मा. तलाव' जाहले, आणि झाडीतील रयतेने मधले ठिपकेही पुसोन टाकिले आणि सरळ 'मामा' म्हणो लागली. मामा भरला, मामा आटला, म्हशी मामात बसल्या, ऐसे बोलणे रोजचे होते आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे.

मामासाहेबांचे दरबारी दोन घराणी मातब्बर. एक सोमाजीभाऊ, ज्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, पाळीखाली अगदी पहिली, आणि ज्यांचे म्हणणे ऐसे की पाणी आहे ते सोडण्यासाठीच आहे. दुसरी गोकुळाबाई, जी डोंगा वल्हवी, जाळे टाकी, शिंगाड्याचे वेल राखी, आणि जिचे म्हणणे ऐसे की पाणी आहे ते ठेवण्यासाठीच आहे. तलावाचे पाणी सोडावयाचे जे दार असते, ज्यास तुडूम म्हणतात, त्या तुडुमावर या दोघांत दर वर्षी रण माजे. सोमाजीभाऊ तुडूम उघडी, आणि मग गोकुळाबाई पाळीवर उभी राहोन त्याचे सात पिढ्यांची चौकशी करी, आणि मग सोमाजीभाऊ तिचे मासळीस "काट्याचा गठ्ठा" म्हणे, आणि मग संध्याकाळी तीच मासळी विकत नेई. येणेप्रमाणे उभय घराण्यांचे वैर पिढीजाद आणि सुखरूप चालले होते.

गोकुळाबाईचे कारभारी माजरीस कोळशाचे कामावर मुक्कामास असत, म्हणोन घरचा आणि पाण्याचा कारभार तिजकडेच. तीस एक कन्या, डिंपल नामे, बारावी पास, बोलण्यात चपळ. तिचे लग्न अहेरीकडील स्थळी ठरोन मार्गशीर्षाची तिथी धरिली होती. सर्व यथास्थित होते, फक्त बैठकीत वरपक्षाकडील एका आत्याबाईने सुपारी कातरता कातरता विचारिले होते की नवरीचे मामा कोठे असतात. गोकुळाबाईस भाऊ नाही. सख्खा नाही, चुलत नाही, दूरचाही नाही. लग्नात नवरीचे पाठीशी मामाने उभे राहावे ही रीत, तेव्हा उभे कोण राहणार, हा काटा तिचे मनात बसला तो बसलाच, आणि जाळे टाकिताना, भाकर थापिताना, देवापुढे दिवा लाविताना टोचू लागला.

ऐसे असता भाद्रपद मासी, रोवणे उरकोन धान डोलत असता, गनिमाचे हेर आले. पांढरी जीप, तीन पायांची दुर्बीण, डोईस पिवळे शिरस्त्राण, आणि हाती लाल-पांढरी काठी, ऐसा त्यांचा थाट. सोमाजीभाऊने पुसिले तर "नुसतं मोजतोय, काका" ऐसे गोड बोलोन त्यांणी एक दगड पाळीचे माथ्यावर रोविला, एक सोमाजीभाऊचे बांधीत रोविला, आणि तिसरा पाण्यात रोवता येईना म्हणोन शिंगाड्यांचे वेलांत बांबू खुपसोन त्यावर लाल फडके चढविले. गनीम गेला आणि मग गोकुळाबाईने डोंगा नेऊन ते फडके सोडिले आणि आपल्या वल्ह्याचे मुठीस गुंडाळिले, कारण मूठ निसटत होती. या मोहिमेतील ही पहिली लूट समजावी.

मग थोडेच दिवसांत गावचे कोतवाल वारलू हे सायकलीवरोन खलिता घेऊन फिरताना दिसले. लिफाफ्यावर लिहिले होते: 'श्री. माननीय मामा तलाव, राहणार हिवरटोली.' आत लिहिले होते की आपल्या मालकीची जमीन हमरस्त्याकरिता संपादित होत आहे, हरकत असल्यास चंद्रपूर मुक्कामी समक्ष हजर राहोन सांगावी, हजर न राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजण्यात येईल. कोण्या दूरदेशीचे कारकुनाने 'मा.मा.' वाचोन पहिल्या 'मा' चा माननीय केला, दोन्ही मिळोन मामा केला, आणि तलाव हे आडनाव ठरविले, ऐसे मागाहून उघड जाहले. त्या घडीस वारलूंस येवढेच ठाऊक की खलिता मामास द्यावयाचा आणि सही आणावयाची. आणि झाडीत मामा कोण नाही?

वारलू दारोदार हिंडले. हा म्हणे मी त्याचा मामा, तो म्हणे मी याचा मामा, परंतु तलाव आडनावाचा मामा कोणी निघेना. शेवटी स्वारी बापूजींचे ओट्यावर आली. बापूजी गावात सर्वांत वडील, कानाने मंद, आणि अर्धे गाव त्यांस मामाच म्हणे. सरकारातून मामास काही आले आहे इतके त्यांचे कानी पोचले, आणि आले आहे तर घेऊन टाकू ऐसा विचार करोन त्यांणी अंगठा शाईस लाविला. इतक्यात डोईवर शिंगाड्याची टोपली घेऊन गोकुळाबाई तेथोन चालली होती. तिणे कागद पाहिला, मागोन येणाऱ्या डिंपलकडोन वाचोन घेतला, आणि टोपली खाली टाकोन बापूजींचा अंगठा मधल्यामध्ये, कागदास बोटभर अंतर उरले असता, मुठीत धरिला. शिंगाडे ओटाभर पसरले. बापूजींणी रागे भरोन पुसिले, ही बाई माझा अंगठा काऊन धरते. झाडीचा मुलूख त्या घडीस त्या एका अंगठ्याने वाचला, हे येथे लिहोन ठेवितो.

मग ग्रामपंचायतीत मसलत बसली. सरपंच इंदुताई खुर्चीवर, बाकी दरबार सतरंजीवर, आणि वकील उर्वशीबाई, ज्या याच गावच्या लेक आणि सांप्रत चंद्रपुरी वकिली करितात, त्या मोबाईलमध्ये, आवाज मोठा करोन. खलिता वाचिला तेव्हा दरबार हसोन लोळला. सोमाजीभाऊ तर इतके हसले की त्यांस पाणी पाजावे लागले. मग उर्वशीबाईंणी मोबाईलमधोन फर्माविले की हसणे जाहले असल्यास ऐकावे: मामा हजर जाहला नाही तर मामाची संमती धरतील, आणि मग पाळ फुटेल, अर्ध्या तलावात मुरूम पडेल, आणि उरलेले अर्धे डबके होईल. तेव्हा सोमाजीभाऊंणी हातातील पेला खाली ठेविला.

कोणी म्हणाले, चूक कळवोन टाकू, मामा तलाव आहे म्हणोन चिठ्ठी पाठवू. उर्वशीबाईंणी ती तजवीज मोडिली. त्यांचा डाव ऐसा होता की मामा माणूस आहे म्हणाल तर त्याचे नातेवाइकांस ऐकावे लागेल, आणि तलाव आहे म्हणाल तर ग्रामसभेस आणि मासेमारांस ऐकावे लागेल, दोन्ही वाटा गोकुळाबाईचे दारावरोनच जातात. तेव्हा तिणेच जावे आणि बोलावे.

गोकुळाबाई हे ऐकोन सतरंजीवरोन उठो लागली. पाळीवर उभी राहोन सोमाजीचे पिढ्या मोजणे वेगळे आणि साहेबापुढे तोंड उघडणे वेगळे. मले नाई जमत, ऐसे ती म्हणाली. तेव्हा सोमाजीभाऊंणी मान वळविली.

"मले शिव्या देताना तुयी जीभ कधी अडखळली नाई," ते म्हणाले. "आता साहेब पाहून मासोळी झाली काय?"

"तुह्याच बांधीसाठी चालली ना मी, सोमाजीभाऊ," गोकुळाबाई म्हणाली. "तुडूम उघडशील आता, पाहतो तुले."

येणेप्रमाणे तह जाहला. मोहीम चालेतोवर तुडुमाचे नाव काढू नये, उभयतांणी एकमेकांचे मासळीस व धानास नावे ठेवू नयेत, ऐसी कलमे तोंडीच ठरली.

आश्विनात फौज कूच करोन निघाली. फौजेत बायका अधिक घेतल्या, कारण शौर्य अधिक आणि एस.टी.त तिकीट अर्धे; पुरुषांत सोमाजीभाऊ, बापूजी आणि दोघे-चौघे. रसदीस उकडलेले शिंगाडे आणि मुरमुरे. निशाण जुन्या चादरीचे, त्यावर डिंपलने नेलपॉलिशने लिहिले: 'मामा एकटा नाई.' आणि खासा मामासाहेब गोकुळाबाईचे मांडीवर, पितळी कळशीत, कारण हजर राहावे ऐसे फर्मान होते आणि तिणे पहाटे डोंगा घालोन तलावाचे मधोमध जाऊन कळशी भरोन आणिली होती. वाहकाने कळशी पाहोन पुसिले हे सामान कोणाचे. डिंपल म्हणाली सामान नव्हे, मामा आहेत. वाहकाने पुसिले मग यांचे तिकीट. डिंपल म्हणाली फार वयस्कर आहेत, वयस्करांस फुकट. वाहकाने कळशीत डोकावोन पाहिले, एक इवलीशी मासोळी त्याकडे पाहत होती, आणि तो पुढील आसनाकडे गेला.

चंद्रपुरी कचेरी कोटाबाहेर आहे. तथापि रिक्षावाला नवा होता की लुच्चा होता हे ठरले नाही, त्याणे फौज जटपुरा दरवाज्यातोन आत नेली, बाजारातोन फिरविली आणि पुन्हा त्याच दरवाज्यातोन बाहेर काढिली. सोमाजीभाऊ भाड्यावरोन भांडले. डिंपल म्हणाली असो, राजधानीत वेशीतोन शिरलो, आता मोहीम पक्की जाहली. कचेरीचे दारी शिपायाने कळशी अडविली, रॉकेल असेल म्हणोन हुंगोन पाहिली, मासळीचा वास आला, नाक धरोन सोडोन दिली.

आत भूसंपादनाचे साहेब. माणूस घाटावरला, नवाच बदलोन आलेला, उकाड्याने अर्धा जाहलेला. त्यांचे उजवे हातास रस्त्याचे इंजिनीयर नकाशा पसरोन बसलेले. शिपायाने पुकारा केला, मामा तलाव हजर आहेत काय. या पुकाऱ्यासरशी सोमाजीभाऊ उठले, बापूजींस पोहोचवावयास आलेले त्यांचे दोन भाचे उठले, दाराशी चहा घेऊन आलेला पोऱ्या सोडिला तर जितका पुरुषवर्ग होता तितका सर्व उठला, कारण मामा म्हणोन कोणी हाक मारिली तर झाडीत बसोन राहणे कोणास जमत नाही. साहेब कागदावरोन डोळे वर करोन पाहतात तो दालन उभे.

मग गोकुळाबाईने कळशी टेबलावर ठेविली.

साहेबांणी पुसिले हे काय. ती म्हणाली मामा हजर आहेत. इंजिनीयरांणी सांगितले की साहेब, नकाशावर तेथे खड्डा आहे, दोन-चार दिवसांचे भरावाचे काम. सोमाजीभाऊ तेव्हा पुढे सरकले, परंतु इंदुताईंणी त्यांचे सदऱ्याची कड धरोन खाली बसविले. उर्वशीबाईंणी काळा कोट सावरोन आपला दुहेरी डाव मांडिला, माणूस म्हणा वा तलाव म्हणा, आणि साहेब कागद चेहऱ्यापुढे धरोन बराच वेळ वाचीत राहिले. कागद हलत होता. हसत होते की काय, हे कागदामुळे दिसले नाही.

मग कागद खाली जाहला आणि साहेबांणी गंभीर होवोन पुसिले की ठीक, माणूसच धरू, तर या मामांचे नातेवाईक कोण, आणि नाते काय.

सर्वांणी गोकुळाबाईकडे पाहिले. उर्वशीबाईंणी तीस रस्त्यात मोबाईलवरोन पुष्कळ पढविले होते, पाळ, पाट, मासेमारांचा ठेका, बांध्यांची नावे. ते सर्व त्या घडीस तिचे डोक्यातोन उडाले. तिणे टेबलावरील कळशी पाहिली, आणि दाराशी निशाण धरोन उभी डिंपल पाहिली.

"साहेब," ती म्हणाली, "मले भाऊ नाई. हे पोरगी पोटात होती तवापासून याच्याच जीवावर हाये. शाळा यानंच शिकवली, मासोळी इकून, शिंगाडे इकून. मार्गशीर्षात लगन हाये तिचं. तिच्या पाठीशी उभं राहाले माह्या पोरीले दुसरा मामा नाई."

कळशीतील मासोळीने एक गिरकी घेतली. सोमाजीभाऊ, ज्यांणी आयुष्यभर या बाईचे बोलणे ऐकोन कान झाकिले होते, त्यांणी टोपी काढोन मांडीवर ठेविली.

साहेबांणी लेखणी उचलोन कारकुनास सांगितले की पुढील तारीख कचेरीत नको. "मामांना एकदा त्यांच्या घरी भेटून घेतलं पाहिजे," ते म्हणाले. फौज दालनाबाहेर पडली आणि मग जी ओरडली ती जिन्यात ओरडली.

कार्तिकी साहेबांची स्वारी हिवरटोलीस आली. संगे इंजिनीयर, कारकून, नकाशे, आणि नवा खलिता, ज्यावर मागील चूक तशीच होती, कारण संगणकातोन ती निघेना. गावाने पाळीवर गोमूत्र शिंपडिले, रांगोळी घातली, आणि सोमाजीभाऊंणी इंजिनीयरांस हाताशी धरोन बांधीत नेले आणि चिखलात घोट्यापर्यंत उभे करोन आपला खड्डा दाखविला, ज्यात धान कणसे धरोन वाकले होते.

साहेबांस गोकुळाबाईने डोंग्यात बसविले. सागाचा कोरलेला ओंडका तो, शहरच्या माणसास तेवढा विश्वास बसत नाही. साहेबांणी दोन्ही हातांणी कड धरिली. वल्ह्याची मूठ लाल फडक्याने घट्ट बांधलेली पाहोन त्यांणी पुसिले की हे कापड ओळखीचे वाटते, आणि तिणे सांगितले की सरकारचेच आहे, कामास आले. मग पाणकोंबड्या उठल्या, शिंगाड्याचे वेल डोंग्यास घासू लागले, पलीकडे पाळीवर सारे गाव मुंगीयेवढे जाहले, आणि साहेब कडेवरचा एक हात सोडोन गोकुळाबाईने दिलेला कोवळा शिंगाडा सोलू लागले. दुसराही सोलिला. तिसरा मागोन घेतला.

मग त्यांणी इकडे तिकडे पाहिले. "बरं, बाई," ते म्हणाले, "मामा आहेत तरी कुठे नेमके?"

"साहेब," गोकुळाबाई म्हणाली, "तुमी त्याहीच्याच मांडीवर बसून राह्यले."

साहेब हे ऐकोन हसले, आणि या वेळेस चेहऱ्यापुढे कागद नव्हता. ते इतके हसले की डोंगा डुलला, आणि त्यांचे खिशातील खलिता, मोहर आणि सहीसकट, पाण्यात पडला. पाळीवर उभे असलेले कोतवाल वारलू यांणी हे पाहिले आणि बोंब ठोकिली की नोटीस बजावली, मामास समक्ष बजावली. गावाने टाळ्या पिटल्या. परंतु चमत्कार पुढेच आहे. वारा पश्चिमेचा होता. खलिता क्षणभर पाण्यावर थबकला, जणू कोणी वाचीत आहे, आणि मग एकेक लाटेने ढकलीत ढकलीत पाळीस आला आणि वारलूंचे पायाशी लागला. वारलूंणी तो उचलिला, झटकिला, उलटसुलट पाहिला. शाई सारी धुवोन गेली होती.

"साहेब," त्यांणी पाळीवरोन हाक दिली, "'घेन्यास नकार' असं लिहू काय?"

"लिहा," साहेबांणी डोंग्यातोन फर्माविले. "जे झालं तेच लिहा."

येणेप्रमाणे राजश्री मामासाहेब तलाव यांची हरकत सरकारी कागदी नोंदली गेली, आणि त्या एका शेऱ्यावर उर्वशीबाईंणी ऐसा काही पुढील लढा दिला की त्याचे वर्णन करावे तर दुसरा चहा लागेल. रस्त्याचे लोकांणी आढेवेढे घेतले, सरळ रेघ वाकविण्यास त्यांस शरीरदुःख होते ऐसे दिसले. इंदुताईंणी ग्रामसभा भरवोन एकमुखी ठराव केला, आणि बापूजींणी या वेळेस अंगठा जेथे लावावयाचा तेथेच लाविला. शेवटी फर्मान उतरले की पाळ, पाणी आणि पाळीखालील बांध्या वगळाव्या आणि रस्ता दक्षिणेचे सरकारी बरडावरोन न्यावा, जेथे तरोट्याखेरीज काही उगवत नाही. इंजिनीयरांणी पाळीवरील दगड उपटिला. तो सोमाजीभाऊंणी मागोन घेतला आणि दारी पाय धुवावयास ठेविला.

तह मोडला तो दुसरेच दिवशी. सोमाजीभाऊ तुडुमापाशी गेले, आणि गोकुळाबाई पाळीवर उभी राहिली, आणि सात पिढ्यांची चौकशी जेथे थांबली होती तेथोन पुढे सुरू जाहली. गावास बरे वाटले.

मग मार्गशीर्षी डिंपलचे लग्न जाहले. पत्रिकेत मामाचे जागी छापिले होते: 'मा. मा. तलाव, हिवरटोली.' अहेरीकडील आत्याबाईने वाचोन पुसिले की हे तलाव कोण, कोठे नोकरीस असतात. मांडव घरापुढे न घालता पाळीवर घातला होता. डी.जे. वाजत होता आणि तलाव तोच ठेका थरथरवीत होता. मग वाजंत्री थांबली, अंतरपाट धरिला, नवरी पाटावर उभी राहिली, आणि भटजींणी चष्मा वर करोन पुकारिले की मामा कोठे आहेत, मामांणी नवरीचे पाठीशी यावे.

पुरुषवर्ग सवयीने उठो लागला. सोमाजीभाऊ तर पाऊल टाकोन चुकले होते. गोकुळाबाईने हातानेच सर्वांस बसविले, डिंपलचे खांद्यास धरोन तीस जरा मागे सरकविले, पाळीचे कडेपर्यंत, जेथे पाणी अगदी टाचांशी येत होते.

"उभे हायेत," ती म्हणाली. "म्हना तुमी मंगलाष्टक."

आत्याबाईने वाकोन नवरीचे मागे पाहिले. ऊन पडले होते आणि पार पलीकडील झाडीपर्यंत सारे चकाकत होते. तिणे मूठभर अक्षता उचलिल्या. अक्षता पडल्या, त्यातील निम्म्या पाण्यात पडल्या, आणि मासोळ्या वर येवोन त्या खाऊन गेल्या.

मोहीम फत्ते. गनीम बरडावरोन वळोन गेला. मौजे हिवरटोली, पाळीवर, लग्नाचे पंगतीत बसोन, चिखलाचे पाय सतरंजीवर न येतील ऐसे राखोन हे लिहिले, आणि खाली हजेरी मांडिली ती ऐसी: सरपंच इंदुताई हजर; वकील उर्वशीबाई हजर; कोतवाल वारलू हजर, तिसरे वेळा वाढोन घेत; सोमाजीभाऊ हजर, तुडुमाकडे डोळा ठेवोन; बापूजी हजर, अंगठा स्वच्छ; राजश्री मामासाहेब तलाव, भरलेले, नवरीचे पाठीशी हजर.